नाव न घेता

इंग्रजीतल्या अलंकारांची यादी माझ्या हातात पडली तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती आणि कोचिंगच्या वर्गातली मुलं मला आंटी म्हणत होती. देवासच्या एका लहानशा शाळेत मी पहिली-दुसरीचे वर्ग घेते. वरचे वर्ग हवे असतील तर एम.ए. करा, असं शाळेतून सांगण्यात आलं आणि मी प्रायव्हेट परीक्षेला बसायचं ठरवलं. विषय इंग्रजी घेतला तो निव्वळ हट्टानं. माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं, घरचं बोलणं मराठीत, आणि इंग्रजीशी माझं नातं दुरून नमस्कार करण्यापुरतं होतं. पण कुणी म्हटलं, "आपसे नहीं होगा," की मला ते केल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. हा स्वभाव बाबांचा.

कोचिंग होतं टेकरीच्या रस्त्यावर, मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, कन्नौदकडच्या एका खेड्यातले. इंग्रजी फर्डं बोलायचे, पण समजावून सांगायची वेळ आली की थेट माळव्यात उतरायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या गाइडा मिटायला लावल्या.

"ये चीजें रटने की नी हैं, भिया. दुनिया में ऐसा कोई घर नी है जहाँ ये रोज बोली नी जातीं. एक-एक टर्म लो, घर जाओ, कान खुले रखो, और घर के मुँह से निकला हुआ एग्जांपल लाओ. गाइड का लाए तो जीरो."

मला हसू आलं. आमच्या घरात आणि इंग्रजी अलंकार! पण त्याच आठवड्यात लिटोटीज शिकवलं, म्हणजे उलट्या गोष्टीला नाही म्हणून सुलट गोष्ट सांगणं. सर म्हणाले, "चाय बुरी नी है, मतलब दूसरा कप लाव." आणि मला बाबांचं जेवणाचं ताट दिसायला लागलं. आईनं उभा दिवस ओट्याशी घालवून पुरणपोळ्या कराव्यात आणि बाबांनी चौथी पोळी वाढून घेताना म्हणावं, "वाईट नाही झाली." आई तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत खूश असायची. हे मी जन्मापासून ऐकत आले होते. त्याला एक नाव आहे, आणि ते नाव कुठल्या तरी ग्रीक माणसानं कित्येक शतकांपूर्वी ठेवून दिलंय, हे कळल्यावर मी वर्गात अक्षरशः तोंड उघडं टाकून बसले. घरातल्या रोजच्या पितळी डब्यावर कुणी राजाचा शिक्का दाखवावा, तसं झालं.

मग मला नादच लागला. आई भांडीवालीला म्हणायची, "शंभरदा सांगितलं तुला," ही अतिशयोक्ती. समईची ज्योत मालवायची नाही, शांत करायची. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं, हे युफेमिझम, अशुभाला झाकणारं बोलणं. आमच्या पूर्वजांनी मराठ्यांच्या फौजेबरोबर जी मराठी इकडे आणली ती आईनं लोणच्यासारखी बरणीत राखून ठेवली होती, आणि मी बापडी रोज फोनवरून तिचं झाकण उघडून आत डोकवायला लागले होते. सर माझी उदाहरणं वर्गाला वाचून दाखवायचे. मुलं म्हणायची, आंटी, तुमच्या घरी लोक सरळ बोलतच नाहीत का? खरं होतं ते.

दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला.

आईबाबा धारला राहायचे. बाबा सिंचन खात्यात ओव्हरसियर होते, आणि नोकरीत कुक्षी, कन्नौद, नेमावर अशी गावं फिरून निवृत्तीनंतर धारला स्वतःच्या घरात स्थिरावले होते. त्यांना एक जुनी सवय होती. जगातली प्रत्येक गोष्ट ते आपल्या बदलीच्या गावांशी ताडून बघायचे. कुठंही पाण्याचा घोट घेतला की म्हणायचे, "हे काय पाणी आहे? पाणी प्यावं नेमावरचं." मे महिन्यात आम्ही घामाघूम झालो की, "याला ऊन म्हणता? कुक्षीला या." आम्ही भावंडं त्यांच्या मागे त्यांची नक्कल करून हसायचो.

इंदूरच्या इस्पितळातून त्यांना आम्ही देवासला धाकट्या भावाच्या घरी आणलं. त्याचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. उजवा हात गेला होता, पाय थोडा ओढत होते, पण खरा घाला पडला होता वाचेवर. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण शब्द हाताशी येत नाहीत. बाबा तोंड उघडायचे, काही तरी शोधायचे, आणि भलताच शब्द हाती लागला की डाव्या हातानं खाटेवर चापट मारायचे. ज्या माणसानं आयुष्यभर ठेकेदारांना शब्दात पकडलं त्याची ही गत बघवत नव्हती.

वाचेचा व्यायाम घ्यायला एक मुलगी दर आठवड्याला यायची. गोड, हसरी, हिंदीतून बोलणारी. ती चित्रं दाखवायची, कुलूप, घड्याळ, बैल. एका भेटीत तिनं आईकडे बोट करून विचारलं, "बाबूजी, ये कौन हैं? इनका नाम बताइए."

बाबांनी आईकडे पाहिलं. मग त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

मुलीनं पुन्हा विचारलं. बाबा भिंतीकडेच. ती आम्हाला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "घरवालों के नाम अभी नहीं आ रहे. घबराइए मत, वक्त लगेगा." ती हळूच म्हणाली, पण आईचे कान तिखट. त्या दिवशी आई जेवली नाही. रात्रीची भांडी आवरताना मला म्हणाली, "इकडे माझी ओळख राहिली नाही गं. बैल आठवला, मी नाही."

बाबांबद्दल आई नेहमी असंच बोलते. इकडून, इकडे, स्वारी. मी तिला खूप समजावलं, पण मला स्वतःलाच खात्री नव्हती. माणूस रोज भरवणाऱ्या बायकोला विसरत असेल तर मागे उरलं काय? आई त्या दिवसापासून बाबांना भरवायची ती खाली बघून. आधी भरवताना ती धारच्या शेजारणींच्या गोष्टी सांगायची, त्या थांबल्या.

आणि याच सुमारास बाबांनी 'नेमावर' सुरू केलं.

सकाळी डोळे उघडले की नेमावर. दुपारी नेमावर. आम्ही विचारायचो, काय बाबा, काय नेमावरला? ते चिडायचे, आणखी मोठ्यानं ओरडायचे, नेमावर! आईचा चेहरा पांढरा पडला. नेमावरला नर्मदा आहे, जुना घाट आहे, आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसानं असं नर्मदेचं नाव धरलं की घरच्यांनी जे समजायचं तेच आम्ही समजलो. आई पदर डोळ्याला लावून म्हणाली, "स्वारीची निघायची तयारी झाली. मैया बोलावतेय."

भाऊ म्हणाला, "ताई, अपन ले चलते हैं बाबांना. गाडी आहे ना. कल सुबह ही निकलते हैं."

निघालो. मागच्या सीटवर उशा, आईच्या मांडीवर पूजेचं ताट, बाबा मध्ये. सबंध रस्ताभर बाबा, "नेमावर." आणि आम्ही तिघं एका सुरात, "जातोय ना बाबा, नेमावरलाच जातोय!" कन्नौदच्या मंडीत ट्रॉल्यांची गर्दी अडली, भोंग्यांनी कान किटले, तेव्हा बाबा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कन्नौद." भाऊ आनंदानं ओरडला, "देखा, पहचान लिया!" आम्हाला वाटलं, चला, मैयेच्या वाटेला लागताच गुण येऊ लागला.

घाटावर त्यांना खुर्चीवर बसवलं. आईनं नदीचं पाणी तांब्यात आणलं आणि तीर्थ म्हणून पळीनं त्यांच्या तोंडात घातलं. बाबांनी ते गिळलं आणि डावा तळवा पुढे केला. आईनं पुन्हा घातलं. पुन्हा तळवा. असा जवळजवळ अख्खा तांब्या संपला. जो माणूस आयुष्यभर देवळाच्या पायरीशी चपला राखत बसला त्याची ही भक्ती बघून आम्ही तिघंही रडलो. परतताना बाबा शांत झोपले. आई म्हणाली, "आता काही मागणं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, नेमावर.

त्या आठवड्यात सरांनी दोन शब्द फळ्यावर लिहिले. सिनेकडकी आणि मेटॉनमी. गाइडमध्ये त्यांच्या व्याख्या वाचून माझं डोकं भणाणलं होतं. सर म्हणाले, "सीधी बात है. आदमी को उसके हाथ से बुलाओ, तो सिनेकडकी. उसके मोहल्ले से बुलाओ, तो मेटॉनमी. पहले में अंग है, दूसरे में पड़ोसी. चीज का नाम मत लो, जो उससे सटा हुआ है उसका नाम लो. दिल्ली ने मना कर दिया, बोलते हैं ना? अब दिल्ली शहर थोड़ी मना करता है! सुनने वाला समझ जाता है."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "और सर, सुनने वाला नहीं समझे तो?"

"तो फिर चिल्लाते रहो, भिया!"

सगळे हसले. मला मात्र बाबांचं जुनं वाक्य ऐकू आलं. पाणी प्यावं नेमावरचं. मी वही तिथंच टाकली, सरांना काही न सांगता जिना उतरले आणि रिक्षा केली.

बाबा खाटेवर छताकडे बघत पडले होते. पाण्यानं ठसका लागतो म्हणून डॉक्टरांनी पाणी चमच्यानं, बेतानं द्यायला सांगितलं होतं, आणि आम्ही शहाण्यांनी औषधाच्या वेळा सोडल्या तर ते द्यायचंच बंद केलं होतं. मी भांडं भरून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि विचारलं, "बाबा, नेमावर?"

त्यांनी भांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मला करता येणार नाही. परक्या मुलखात कित्येक दिवस भटकलेल्या माणसाला कुणीतरी आपल्या भाषेत हाक मारावी, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी हळू, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "नेमावर."

मी चमच्याचमच्यानं पाणी पाजत होते आणि ढसाढसा रडत होते. आई दारात उभी होती. तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! काखेत कळसा आणि..." पुढचं तिला बोलवेना. मग आम्ही दोघी हसायला लागलो, आणि बाबाही एका बाजूनं हसले.

मग एकेक गावाचा अर्थ उलगडत गेला. कुक्षी म्हणजे उकडतंय, पंखा लावा. कन्नौद म्हणजे गोंगाट, तिथं आमचं क्वार्टर मंडीसमोर होतं. बाबा कन्नौद म्हणाले की टीव्ही बंद करायचा. धार म्हणजे काय, यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. धार म्हणजे धारच होतं. त्यांना आपल्या घरी जायचं होतं. प्रत्येक शब्दात अलंकार शोधायचा नसतो, हेही तेव्हाच कळलं.

पण मी थक्क झाले होते ती वेगळ्याच गोष्टीनं. मेंदूतली शब्दांची पेटी उलटीपालटी झालेली, आणि तरीही हा माणूस अंधारात चाचपडत शब्दाच्या शेजाऱ्याचं दार ठोठावत होता. त्याची वाचा मोडली होती, पण बोलण्याची तऱ्हा मोडली नव्हती. जे मी परीक्षेसाठी घोकत होते त्याच्या बळावर तो तहान सांगत होता. अलंकार म्हणजे बोलण्यावर चढवलेले दागिने, अशी माझी समजूत होती. बाबांच्या खाटेशी बसून मला वाटायला लागलं की ही बोलण्याची हाडं आहेत.

वर्गात मेटॉनमीचं उदाहरण म्हणून मी नेमावर सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कौतुक वगैरे काही केलं नाही. एवढंच विचारलं, "दीदी, फिर अब पानी बराबर मिल रहा है उनको?"

आई मात्र अजून खाली बघूनच भरवत होती. पाण्याचा उलगडा झाला, पंख्याचा झाला, तिचा नव्हता झाला. कोणत्याही गावात ती नव्हती. भाऊ तिला म्हणाला, "आई, होईल हळूहळू." ती म्हणाली, "पाणी लागतंच माणसाला. मी कशाला लागतेय?"

मग एक दिवस सरांनी पेरिफ्रेसिस घेतलं. नाव सरळ न घेता वळसा घालून सांगणं. "हमारे गाँव में औरतें पति का नाम नी लेतीं. मुन्ना के बाप, बोलेंगी. और आदमी भी कम नी हैं. बाई का नाम ले लिया तो चौपाल पे साल भर हँसी उड़ेगी. पूरी उमर बिना नाम के निकल जाती है, और मजाल है कि कभी गलत आदमी पलट के देखे!"

मी पेन खाली ठेवलं. आमच्या घरी तरी दुसरं काय होतं? बाबा आईला हाक मारायचे, "अगं," नाही तर, "ऐकलं का." बाहेर कुणाशी बोलताना म्हणायचे, "घरी विचारून सांगतो." पाहुण्यांना म्हणायचे, "आमची मंडळी धारची." एक जिवंत बाई, तिला कधी घर म्हणायचं, कधी मंडळी, कधी कुटुंब, पण नाव म्हणून घ्यायचं नाही. मी उभ्या जन्मात बाबांच्या तोंडून आईचं नाव ऐकलेलं नव्हतं. आणि त्या गोड मुलीनं खोलीभर माणसांसमोर, मुलामुलींसमोर त्यांना विचारलं होतं, इनका नाम बताइए! त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते विसरल्यामुळे की लाजेमुळे, हे आम्ही कुणी स्वतःला विचारलंच नव्हतं.

घरी येऊन मी आईला गाठलं. "आई, बाबांनी तुझं नाव कधी घेतलं होतं?"

"शहाणीच आहेस. ते कशाला नाव घेतील?"

"कधीच नाही?"

तिनं पदर सारखा केला. "एकदा घेतलं. लग्नाच्या पंगतीत घास भरवताना. उखाणा घेतला होता. सगळ्या बायका हसल्या होत्या."

"आणि तू?"

"मीही घेतला. घ्यावाच लागतो."

मी तिला म्हटलं, मग आज भरवताना घे. ती माझ्यावर अशी खवळली की विचारू नका. या वयात, लेकीसमोर, काहीतरीच! पण संध्याकाळी वरणभात कालवून ती बाबांजवळ बसली आणि मला म्हणाली, "तू तिकडे तोंड कर."

मी फ्रीजकडे तोंड करून उभी राहिले. एम.ए.ला बसलेली बाई, शाळेतली बाई, फ्रीजवरच्या चुंबकाकडे बघत उभी. मागे बराच वेळ नुसता बांगड्यांचा आवाज. मग आईचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला, मुलीसारखा चिरका. तिनं उखाणा म्हटला आणि त्यात बाबांचं नाव घेतलं. नावापाशी आवाज इतका खाली गेला की मला ते ऐकू आलं असं म्हणवत नाही.

मला वाटलं, चुकलंच आपलं. पुस्तकं वाचून म्हाताऱ्या माणसांच्या जिवाशी खेळ केला.

आणि बाबा बोलायला लागले. चाचपडत नाही, सलग, एका चालीत, जशी शाळेतली मुलं पाढे म्हणतात तसे.

"माळव्याच्या काळ्या मातीत गहू पिकला पिवळा..."

दुसरी ओळ आईच्या नावानं सुरू होते. ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते घेण्याचा अधिकार त्या खोलीत एकाच माणसाला होता. त्यांनी ते घेतलं. लख्ख, अक्षर न् अक्षर, आणि पुढचंही सगळं. "...चा हात हाती आला, आता नाही मी उतावळा."

मी वळून पाहिलंच. आईचा हात घासासकट बाबांच्या तोंडापाशी थांबला होता, आणि वरण तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. ती खाली बघत नव्हती. बाबांनी घास घेतला, चावला, गिळला. मग म्हणाले, "नेमावर." आई "आणते हो" म्हणत उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन किती तरी वेळ बाहेर आली नाही.

मला आजही नीट सांगता येत नाही की तिथं काय घडलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पाठ असलेलं, तालातलं बोलणं कधी कधी शाबूत राहतं. बरोबरच असेल ते. पण यमकासाठी जुळवलेली दोन ओळींची कविता, जिला आम्ही कधी कविता मानलंच नाही, ती एका माणसाच्या आत इतकी वर्षं एका बाईचं नाव जपून बसली होती, हे आठवलं की आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी आली. चित्रं झाली, आकडे झाले. मग तिनं नेहमीसारखं आईकडे बोट करून विचारलं, "बाबूजी, इनका नाम?"

बाबांनी आईकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे फिरवली. मुलगी निराश होऊन काही तरी लिहायला लागली. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"नहीं लेंगे, बेटी," आई म्हणाली. "हमारे में नहीं लेते."